प्रशिक्षक बदलायचा की थांबायचं? न्यू जर्सी आणि एडमंटनचे दोन हिवाळे

हंगामाची सुरुवात फसली की क्लबच्या बैठकीत एकच विषय निघतो: प्रशिक्षकाचं काय करायचं? संघ शाळेचा असो की जिल्ह्याचा, हा निर्णय ज्यांच्या गळ्यात पडलाय त्यांनी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकी लीगमधले दोन संघ शेजारी ठेवून पाहावेत. एकाने प्रशिक्षक ठेवला, दुसऱ्याने काढला. आणि दोघांचाही तो हंगाम सावरला.

ऑक्टोबर 2022. न्यू जर्सी डेव्हिल्सने पहिले दोन्ही सामने 5-2 असे गमावले. दुसरा तर नेवार्कला, घरच्या मैदानावर. स्टँडमधून ‘फायर लिंडी’ (लिंडीला काढा) अशा घोषणा सुरू झाल्या, प्रशिक्षक लिंडी रफ समोर बेंचमागे उभे असताना. व्यवस्थापन हललं नाही. 82 सामन्यांच्या हंगामातले दोन सामने म्हणजे काहीच नाही, एवढं भान त्यांना होतं. त्याच महिन्यात सुरू झालेली विजयांची मालिका 13 सामने चालली आणि नोव्हेंबरात त्याच स्टँडमधून, त्याच सुरात ‘सॉरी लिंडी’ ऐकू आलं. शेवटी 52 विजय, 112 गुण.

एडमंटन ऑयलर्सचं दुखणं जास्त खोल होतं. 2023 मध्ये मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल यांच्यासारखे अव्वल खेळाडू असूनही 13 सामन्यांत फक्त 3 विजय. त्यात तोवर एकच सामना जिंकलेल्या सॅन होजेकडूनही हरले. संधी भरपूर निर्माण व्हायच्या, पण गोलरक्षक अडवता येण्यासारखे फटके सोडत होते. आधी गोलरक्षक जॅक कॅम्पबेलला खालच्या लीगमध्ये पाठवलं. मग 12 नोव्हेंबरला, आदल्याच दिवशी सिअ‍ॅटलमध्ये जिंकून आलेले प्रशिक्षक जे वूडक्रॉफ्ट यांना काढलं. नवे प्रशिक्षक क्रिस नॉब्लॉक आले म्हणून लगेच जादू झाली नाही. पहिले दोन सामने जिंकले, पुढचे तीन हरले. त्यानंतर आधी सलग 8 विजय, पुढे सलग 16. जून 2024 मध्ये स्टॅनली कप म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ते फ्लोरिडाकडून 2-1 असे हरले.

मग बदल फळला म्हणायचं का? माझ्या मते निम्माच. दुसरा गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर गोलमध्ये स्थिरावला, हे दुसरं निम्मं. आणि एक गोष्ट मला आजही खटकते. कॅम्पबेलशी पाच वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार करणारे जनरल मॅनेजर केन हॉलंड हंगाम संपेपर्यंत पदावर राहिले. खेळाडूला जाब विचारला, प्रशिक्षकाला विचारला. ज्यांनी संघ बांधला त्यांच्यापर्यंत तो त्या नोव्हेंबरात पोचला नाही. तुमच्या बैठकीत निवड समितीची माणसंही बसलेली असतील, तर हा मुद्दा तिथेच काढा.

किती हरलो यापेक्षा कसे हरलो ते आधी बघा. 2025 च्या जूनमध्ये मैदानी हॉकीच्या प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात भारताचा पुरुष संघ सलग सात सामने हरला, पण त्यातले सहा एकेका गोलने. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांना कायम ठेवलं आणि सप्टेंबरात राजगीरला त्याच संघाने कोरियाला 4-1 हरवून आशिया चषक आणला.

तुमचा संघ असा थोडक्यात हरत असेल, सरावाला सगळे वेळेवर येत असतील आणि चूक एका जागी दिसत असेल, तर प्रशिक्षकाला हात लावू नका. ती जागा बदला. पण पहिला गोल बसताच मुलं खांदे पाडत असतील, तीच चूक चौथ्या सामन्यातही होत असेल आणि प्रशिक्षक दर वेळी पंचांकडे बोट दाखवत असेल, तर हंगामाच्या मध्यापर्यंत थांबू नका.

आणि ठेवलंत तरी तो कायमचा परवाना नव्हे. रफ यांना न्यू जर्सीनेच मार्च 2024 मध्ये निरोप दिला.