बास गिटारचं किट घेताय? 'लाकूड आधी, हार्डवेअर मागून' म्हणणाऱ्यापासून जपा

किट मागवून घरी बास गिटार बनवायचा विचार असेल आणि विक्रेता म्हणाला, "बॉडी आणि नेक आधी पाठवतो, तुम्ही पॉलिश उरकून घ्या, हार्डवेअर मागून येईल," (म्हणजे ब्रिज, पिकअप असे भाग) तर व्यवहार तिथेच थांबवा. याच बोलण्यावर एका विक्रेत्याने आम्हाला १८,५०० रुपयांना बुडवलं. त्यातले बरेचसे पैसे माझ्या भाच्याने गरब्याच्या कार्यक्रमांतून साठवलेले होते, म्हणून राग जास्त आहे.

भाचा इथे बडोद्यात एका ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. नवरात्रात बासवाल्याला दम खायला फुरसत नसते, आणि त्याच्याकडे वाद्य दुसऱ्याचं. "मामा, आपणच बनवू ना," असं तो कधीपासून म्हणत होता. मला लाकूडकामाची आवड, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर हत्यारंही आहेत. किट विकणारा दुसऱ्या शहरातला, पण फोनवर वाद्यातलं नीट बोलणारा. महोगनीची अखंड बॉडी, मेपलचा नेक, रोझवूडचा फ्रेटबोर्ड, अल्निको चुंबकाचा पिकअप (तारेचा आवाज पकडणारा भाग) आणि ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), असं सगळं त्याने लिहून पाठवलं. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बास आणला तेव्हापासून बासचं हेच माप सर्रास चालतं, त्यामुळे आम्हाला तेच हवं होतं. पैसे मात्र त्याने दुसऱ्याच नावाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने मागितले. दुकानाच्या खात्याचं काही काम चालू आहे, हे कारण.

पहिल्या पार्सलमध्ये बॉडी आणि नेक आले. नेक खाचेत चपखल बसला, ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा अडकवायच्या भागाची, भोकंही आधीच पाडलेली होती. दिसायला माल देखणा. १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून मी १८० हातात घेतला, आणि उजवा हात टेकतो त्या उतारावर लालसर लाकूड संपून खालून फिकट पांढरं लाकूड दिसायला लागलं. तिथे बोट फिरवलं की कड लागायची. आमच्या ओळखीचे सुतार आले होते, त्यांनी नख लावून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आ महोगनी नथी. उपर पातळुं पड छे." आत पट्ट्या चिकटवलेलं हलकं लाकूड होतं आणि वरून महोगनीसारखं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर.

लगेच फोन केला, फोटो पाठवले. विक्रेता शांतपणे म्हणाला, लाकडाची छटा आहे, गडद रंग द्या, झाकलं जाईल. आम्ही ऐकेना, तेव्हा त्याने मेसेजवर लिहून दिलं की हार्डवेअर हातात आल्यावर पसंत नसेल तर पूर्ण किट एकत्र परत घेईन, पण तोवर काम थांबवू नका, पॉलिश कडक व्हायला वेळ लागतो. हे शेवटचं खरंच आहे. पावसाळ्याचे दिवस होते. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला की ओल आत अडकून पांढरट झाक येते, म्हणून आम्ही हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) घेतला. सीलर, घासणं, निळा रंग, वर क्लिअर, प्रत्येक हातानंतर थांबणं. भाच्याने जीव ओतून काम केलं. विक्रेता अधूनमधून फोटो मागायचा आणि तोंडभरून कौतुक करायचा.

सगळं वाळून झाल्यावर हार्डवेअर आलं. ब्रिज बसवला, तारा चढवल्या, ट्यूनरवर ई, ए, डी, जी चारही बरोबर लागले. पण वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) गेलं की सूर उतरायचा. मावशी खाली स्वयंपाकघरात होती. तिचं गाणं इथल्या म्युझिक कॉलेजात झालेलं, म्हणजे १८८६ साली मौलाबक्षांच्या गायनशाळेपासून चालत आलेल्या जागी. तिथूनच ओरडली, "वरचा सा लागत नाहीये रे!" बाराव्या फ्रेटवर सुट्या तारेचा बरोबर वरचा सा यायला हवा. ट्यूनर जवळजवळ ३० सेंट उतरलेला दाखवत होता, म्हणजे अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा.

मग स्टीलची पट्टी लावली. ३४ इंची बासमध्ये नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत १७ इंच, म्हणजे ४३२ मिलिमीटर भरायला हवं. आमचं भरलं ४०६. नेक ३२ इंची होता! बॉडी एका मापाची, नेक दुसऱ्याच. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतही (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) साधारण ४०६ हवं होतं, तिथे ४२२ येत होतं. सॅडल जवळपास दीड सेंटिमीटर पुढे आणायला हवं, आणि स्क्रू तेवढा सरकतच नव्हता. ब्रिज उखडून पुढे बसवायचा तर रंगवलेल्या बॉडीत जुनी भोकं बुजवा, नवी पाडा. ब्रिज हातात असता तर हे रंगाच्या आधीच कळलं असतं. म्हणूनच त्याने तो मागे ठेवला होता, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

त्यानंतर बाकीचंही उघडं पडलं. पिकअप उलटा केला तर खाली काळी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली. बासच्या अशा अल्निको पिकअपमध्ये सहसा तारांखालचे गोल खिळे स्वतःच चुंबक असतात, खाली पट्टी लागत नाही. फ्रेटबोर्डवर टर्पेंटाइनचं पांढरं फडकं फिरवलं तर फडकं तपकिरी झालं. रोझवूड कसलं, बहुधा रंग दिलेलं लाकूड.

परत घ्या म्हटल्यावर त्याचं उत्तर तयारच होतं: "तुम्ही रंग दिलात, वापरलेला माल परत होत नाही." त्याचाच लेखी मेसेज दाखवला, तेव्हा आमचा नंबर ब्लॉक.

तेव्हा किट घ्यायचंच असेल तर पूर्ण किट एका वेळी मागा, आणि पॉलिश पेपरला हात लावण्याआधी नेक, ब्रिज, पिकअप सगळं कोरडं जुळवून दोन तारा चढवून बघा. पट्टी लावायची जागा एकच, नट ते बारावा फ्रेट. ३४ इंचीला ४३२, ३२ इंचीला ४०६, ३० इंचीला ३८१ मिलिमीटर. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, त्यात पट्टीही दिसू द्या. पैसे मागणाऱ्या खात्याचं नाव बिलावरच्या नावाशी जुळत नसेल तर देऊ नका, कारण पुढे तक्रार कोणाविरुद्ध लिहायची इथूनच अडतं.

फसलाच असाल तर ताबडतोब १९३० वर सायबर तक्रार नोंदवा, जितकी लवकर तितकं पैसे गोठवणं शक्य. ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. दोन वर्षांची मुदत असते. आम्ही बडोद्यातच तक्रार केली आहे, मेसेज आणि मापांचे फोटो जोडून.

तो माणूस नव्या नावाने किट विकतोच आहे. जाहिरातीत भाच्याच्या बासचा फोटो आहे, त्याने कौतुक करून मागवलेल्यांपैकीच एक, आणि खाली 'बडोद्याचे समाधानी ग्राहक' असं लिहिलंय. गडद निळी बॉडी, अजून तारा नाहीत, मागे आमच्या माडीची लाकडी जाळी. ती जाहिरात समोर आली तर पैसे पाठवू नका, तिचा स्क्रीनशॉट काढून १९१५ वर कळवा.