बंबल कोल्हापुरात वापरताना: आडनावाचं काय करायचं?

गेल्या पावसाळ्यापासून बंबल हे डेटिंग ॲप वापरतेय. वय 27, नोकरी कोल्हापुरातच. पुण्या-मुंबईच्या मुलींचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात, आपल्याकडचे फारसे नाहीत, म्हणून लिहिते.

2014 मध्ये हे ॲप आलं तेच मुलीनं आधी मेसेज करायचा या नियमासह. जुळल्यावर 24 तासांत तिनं लिहिलं नाही तर ते जुळणं संपतं. 2024 पासून मुलगी एखादा प्रश्न आधीच लावून ठेवू शकते, मुलगा त्याचं उत्तर देतो. मला याचा फार उपयोग झाला.

अंतर 40 किलोमीटर ठेवलं की कागल, इचलकरंजी, पन्हाळा येतात. सांगलीसाठी थोडं वाढवावं लागतं. शनिवार-रविवारी पुण्याहून घरी आलेली मुलं दिसतात, सोमवारी परत नाहीशी. पहिली भेट रंकाळ्यावर ठेवू नका, संध्याकाळी निम्मे नातेवाईक तिथंच फिरायला असतात. राजारामपुरीतला एखादा कॅफे बरा.

हे सगळं जमवून घेता येतं. जमत नाही ते आडनाव. प्रोफाइलवर फक्त पहिलं नाव असतं, आणि गप्पा जरा रंगल्या की येतं, “आडनाव काय तुझं?” मग “गाव कुठलं? पाहुणे कुठले तुमचे?” लग्नाचा विचारच नाही असं स्वतः लिहिणारी, इंजिनिअर झालेली मुलंही हेच विचारतात. फक्त फिरायचंय, तरी जात माहीत हवी! याचा मला मनापासून राग येतो. राजर्षी शाहूंनी शंभर वर्षांपूर्वी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला तो याच गावात. 26 जूनला त्यांची जयंती आपण सगळेच साजरी करतो.

म्हणून मी प्रश्नच लावला: “घरच्यांनी माझी जात विचारली तर काय सांगशील?” उत्तरं एकदम कमी झाली. एकानं मात्र लिहिलं, “आधी आईला सांगीन, मग अण्णांना. भांडण हुणार, पण मी मागं सरणार न्हाई.”

त्याच्याशी अजून बोलणं चालू आहे, भेटतोही. दोघंही हिंदू, म्हणजे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जात आड येत नाही. 30 दिवसांची नोटीस लागते ती 1954 च्या विशेष विवाह कायद्यात. हे त्यानंच आधी वाचून ठेवलं होतं. त्याच्या आईला कळलंय. अण्णांना दिवाळीत सांगणार आहे, आणि त्याच आठवड्यात मी माझ्या घरी.