टाइप-सी ऑल्ट मोडची लिनक्स चौकट: एक परीक्षण

यूएसबी टाइप-सीच्या पर्यायी मोडसाठी (ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पोर्टमधून चित्रासारखे यूएसबीखेरीज इतर संकेत पाठवण्याची सोय) ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना लिनक्स कर्नलने 2018 साली, 4.19 या आवृत्तीत, स्वतंत्र बस, म्हणजे उपकरण आणि ड्रायव्हर यांची गाठ घालून देणारी यंत्रणा, उपलब्ध करून दिली. जोडलेले उपकरण आपला एसव्हीआयडी (मोड कोणत्या मानकाचा हे सांगणारा ओळखक्रमांक) सांगते आणि त्यावरून बस योग्य ड्रायव्हर शोधते. डिस्प्लेपोर्ट या चित्रवाहक मानकाचा हा क्रमांक 0xFF01.

या चौकटीची सर्वांत आवडलेली बाब म्हणजे मोडमध्ये शिरण्याची आज्ञा जाण्याआधी पिना सुरक्षित स्थितीत नेण्याचे काम बसच करते, त्यामुळे विद्युत जोडणीच्या दृष्टीने नाजूक असलेली ही पायरी विसरण्याची मुभाच ड्रायव्हर लिहिणाऱ्याला राहत नाही. सोबतचा डिस्प्लेपोर्ट ड्रायव्हर नमुना म्हणून उत्तम आहे: समोरच्या उपकरणाकडून होकार आल्यावर तो पुढची आज्ञा तिथेच न पाठवता फक्त स्थिती नोंदवतो आणि उरलेले काम वर्कक्यूवर (कर्नलच्या नंतर करायच्या कामांच्या रांगेवर) सोपवतो. पिन-रचना, म्हणजे कोणत्या पिना कशासाठी वापरायच्या हे, सिसफसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेतून) बदलता येते. सी रचनेत चारही लेन (वेगवान डेटा-मार्गिका) चित्राला मिळतात, तर डी रचनेत दोन चित्राला आणि दोन यूएसबी 3 ला, हा फरक प्रत्यक्ष ताडून पाहता येतो.

दस्तऐवजीकरण मात्र त्रोटक आहे. शिवाय ज्या लॅपटॉपांत यूसीएसआयमार्फत (टाइप-सी पोर्ट आणि कार्यप्रणाली यांच्यातील प्रमाणित संवादपद्धतीमार्फत) फर्मवेअरच, म्हणजे यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअरच, मोड ठरवते, तिथे नीट लिहिलेल्या ड्रायव्हरच्याही हाती फारसे काही उरत नाही. थंडरबोल्ट या दुसऱ्या ऑल्ट मोडचा ड्रायव्हर तर थेट कर्नलच्या 6.14 आवृत्तीत आला, म्हणजे बराच उशिरा. तरीही नव्याने शिकणाऱ्याने डिस्प्लेपोर्टच्या स्रोतापासूनच सुरुवात करावी, दस्तऐवज नंतर वाचावेत.