झेडची कळ आणि तॊगरि बेळॆ: ब्राउझरवरच्या कन्नड कीबोर्डचे आठ महिने

मागच्या आठवड्यात लॅपटॉपची झेडची कळ बसली. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, एकटी कळ मिळत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल, १८०० रुपये. मराठी बिलं त्याच लॅपटॉपवर बिनघोर चालू होती, कारण मराठी लिहिताना त्या कळेला बोट लावायची वेळच येत नाही. अडलं ते कन्नड दरपत्रक. कन्नडमध्ये दर म्हणजे 'बॆलॆ', आणि मी वापरते त्या मांडणीत ऱ्हस्व ए झेडवर आहे, म्हणून त्या एका शब्दात झेड दोनदा लागते. गेले आठ महिने ब्राउझरवरच्या ज्या कन्नड कीबोर्डबद्दल लिहीन लिहीन म्हणत होते, त्याबद्दल आता लिहितेच.

सोलापुरात माझा डाळी आणि चटण्यांचा घरगुती धंदा आहे. शेंगा, जवस, कारळं, शिवाय तूरडाळ. निम्मं गिऱ्हाईक इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडचं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड बोलायचो, पण शाळा मराठी. म्हणजे बोलता अस्खलित येतं, वाचता सावकाश येतं आणि लिहायची कधी वेळच आली नव्हती. लॅपटॉप मुलाचा जुना, त्यात नवीन काही टाकायला नको म्हणून ब्राउझरमध्ये चालणारा कीबोर्ड धरला. साइट उघडायची, चौकटीत टाइप करायचं, कॉपी करून दरपत्रकात चिकटवायचं. फुकट आहे. हे सगळं तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून मुद्द्यावर येते.

पहिले दोन महिने मी रोमन अक्षरांनी टाइप करत होते. तूरडाळ म्हणजे 'तॊगरि बेळॆ'. (इथं जी वळलेली मात्रा दिसतेय ती ऱ्हस्व. देवनागरीत ती खूण आहे, फक्त मराठीला लागत नाही.) या दोन शब्दांत ऱ्हस्व ओ, दीर्घ ए आणि शेवटी ऱ्हस्व ए असं सगळंच आलं. मी दोन्हीकडे साधा रोमन e दाबला आणि 'बॆळॆ' उमटलं. बेळॆ म्हणजे डाळ, बॆळॆ म्हणजे पीक. इंडीच्या दुकानदाराचा फोन आला, "अक्का, इथं पीक लिहिलंय. डाळच ना?" तो भला माणूस, विचारून घेतलं. पण छापलेले १५० कागद वाया गेले आणि मी त्या कीबोर्डवर फार चिडले. अक्षरं चुकीची देतो, असंच तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते.

ते मत आता मागे घेते. चूक कीबोर्डची नव्हती. मराठीत ए एकच लिहिला जातो, म्हणून माझा हात तो फरक करत नव्हता. बोलताना मात्र लहानपणापासून बरोबर करत होता. 'कॊडि' म्हणजे द्या आणि 'कोडि' म्हणजे तळं भरलं की पाणी बाहेर पडायची वाट. तोंडात हे दोन शब्द माझे कधीच चुकले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात त्याच साइटवर इनस्क्रिप्टचा पर्याय दिसला आणि तिथून माझं सगळं बदललं. ही मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ठरवली. लिपी कुठलीही असो, क के वरच, त एलवर, ग आयवर, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) डीवर. मी मराठी इनस्क्रिप्टवरच टाइप करते. कन्नड निवडून डोळे मिटून 'कमल' लिहिलं आणि पडद्यावर कन्नड 'कमल' उभं राहिलं. मला खरंच भरून आलं. माझ्या आईला मराठी वाचता येत नाही. त्या रात्री तिला मी पहिल्यांदा तिच्या लिपीत चार ओळींचं पत्र लिहिलं.

कर्नाटकात पुष्कळ जण के. पी. राव यांच्या मांडणीवर लिहितात, 'नुडी' हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर तीच वापरतं. कन्नड शाळेत शिकलेल्यांनी खुशाल ती घ्यावी. मराठी हाताला मात्र इनस्क्रिप्टच.

फक्त दोन कळा नव्या शिकाव्या लागतात आणि माझं सगळं म्हणणं या दोन कळांबद्दल आहे. ऱ्हस्व ए झेडवर, आणि ऱ्हस्व ओ एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे. मराठी हात सवयीनं ए साठी एस दाबतो, आणि मग सगळं दीर्घ होऊन बसतं: मॆणसु, बॆल्ल, गुरॆळ्ळु, ऎण्णॆ सगळं लांबतं. (मिरी, गूळ, कारळं, तेल. मसाल्याच्या धंद्यात ऱ्हस्व ए किती!) मी माझ्या दरपत्रकात मोजलं, ५२ ओळींत झेड ७४ वेळा. साइटवरच्या चित्रात या दोन कळा बाकीच्यांसारख्याच राखाडी आहेत. त्या वेगळ्या रंगात दाखवल्या असत्या, तर मराठी, हिंदी लिहिणाऱ्या प्रत्येकाचे दोन महिने वाचले असते. मी दोनदा कळवलं, उत्तर नाही.

दुसरा त्रास जोडाक्षरांचा. आपण 'पॅकेट' लिहितो आणि ट चा अ आपोआप गिळतो. कन्नडमध्ये गिळत नाहीत, तिथं हलन्त द्यावाच लागतो. मग 'पॅकेटला ६० रुपये' लिहिताना पुढचा 'गॆ' (म्हणजे आपला 'ला') लागला की ग थेट ट च्या खाली जाऊन बसतो आणि शब्द ओळखू येत नाही. मधे एक न दिसणारं अक्षर घालावं लागतं. त्याचं बटण कोपऱ्यात आहे, ते मला पाचव्या महिन्यात सापडलं.

बाकी थोडक्यात. पान चुकून ताजं झालं तर मजकूर जातो, म्हणून दर दहा ओळींनी कॉपी करून ठेवा. छापखान्यात जुने फॉन्ट असतील तर हा युनिकोड मजकूर तिथं भलताच दिसतो, पीडीएफच द्या. नेट गेलं की काम थांबतं.

आणि झेड? साइटवर कळांचं चित्र असतं, त्यावर माउसनं दाबलं तरी अक्षर उमटतं. आठ महिने ते चित्र मला जागा अडवणारं वाटायचं. या महिन्याचं दरपत्रक मी उजव्या हातात माउस धरून केलं, ७४ वेळा त्या एका चौकोनावर दाबून. नेहमी चाळीस मिनिटं लागतात, या वेळी सव्वा तास लागला. १८०० रुपये वाचले. काल कागद कलबुर्गीला गेले, आणि आज सकाळी तॊगरि बेळॆची तीस किलोची ऑर्डर आली.