दोना पावलाचं पाणी: दुपारचं जाळं की रात्रीचं?

गोव्यातल्या दोना पावलाच्या समुद्रात इवले प्राणी किती चरतात हे पाहायचं, तर जाळं कधी ओढावं? दुपारी ओढणं सोयीचं. होडी मिळते, उजेड असतो. पण माशांची नजर चुकवायला प्राणीप्लवंगांतले (पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक प्राण्यांतले) बरेच कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे इवले नातलग, तेव्हा खाली दडतात आणि जे सापडतात त्यांची पोटं बहुधा रिकामीच. रात्री ते वर येऊन सूक्ष्म वनस्पती चरतात. तेव्हा पकडलेला एखादा कोपेपॉड सूक्ष्मदर्शकाखाली धरा: तांदळाच्या कणीहून लहान, काचेसारखं अंग, आत हिरवट-तपकिरी रेघ. तेच खाल्लेलं हरितद्रव्य! ते ॲसिटोनमध्ये उतरवून त्याची चमक मोजतात. मात्र आपल्या उबदार पाण्यात आतडं तासाभरातच रिकामं होतं, म्हणून नमुना अंधुक उजेडात लगेच गोठवायलाच हवा. एकच फेरी परवडत असेल तर मी रात्रीचीच निवडेन. इथे झुआरी नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीची वेळही टिपा. पाणी बदललं की प्राणीही बदलतात.