गव्हात सापडलेली रानमांजराची पिल्लं आणि आमच्या भागातली रेस्क्यू टीम, माझा अनुभव

काटोल-कोंढाळी पट्ट्यातल्या कास्तकारांसाठी मुद्दाम लिहून राहिलो, कारण गहू निघायला लागला की कोणाच्या ना कोणाच्या वावरात पिल्लं सापडतातच, आणि मग गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "बिबट्याचे बच्चे सापडले" म्हणून फोटो फिरतात. या हंगामात आमच्याच वावरात सापडली. जी टीम आली, म्हणजे वन विभागाचे गार्ड आणि त्यांच्यासोबत फिरणारी स्वयंसेवक पोरं, त्यांचं काम इतकं पक्कं होतं की चार लोकांना कळलंच पाहिजे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली सांगतो.

झालं असं की हार्वेस्टर अर्धं वावर काढून बसला होता आणि मधल्या पट्ट्यात आमच्या सालदाराला काहीतरी फिस्स फिस्स ऐकू आलं, पाह्यलं तर तीन पिल्लं. मातकट रंग, अंगावर पुसट पट्टे, कानाच्या टोकाला काळे बारीक केस, शेपटी आखूड आणि तिच्यावर काळी कडी. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर ठिपके असतात, पट्टे नाही, पण दहा मिनिटात धुऱ्यावर अर्धं गाव जमलं आणि जो तो बिबट्याच म्हणत होता. एकजण तर गायीच्या दुधाची वाटी घेऊनच आला.

पहिला फोन एका ऑफिसात लावला तर "ते आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून ठेवून दिला. मग 1926 लावला, वन विभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन आहे ती, तिथून पुढं फोन गेला आणि थोड्या वेळात टीमच्या एका ताईंचा मलाच उलटा कॉल आला. अर्धं काम तर त्यांनी फोनवरच केलं. दूध पाजू नका, पिल्लांना हगवण लागते. तोंडात ड्रॉपरनं पाणी सोडू नका, फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियानं मरते. जागेवरून हलवू नका, लोकांना लांब करा, घरची मांजर जवळ येऊ देऊ नका, तिचे रोग यांना लागतात. आणि मशीन थांबवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं, हार्वेस्टरवाल्याचा पुढचा नंबर लागलेला होता आणि तो काही ऐकायला तयार नव्हता, पण बाबा मधे पडले आणि तेवढा पट्टा उभा राहिला.

टीम आली तशी त्यांनी सगळ्यात आधी गर्दी हटवली, कोणावर आवाज न चढवता. मोबाईल काढलेल्या पोरांना एक गार्ड दादा म्हणाले, "भाऊ, याची माय इथंच कुठंतरी बसून पाहून राहिली, तुम्ही गेल्याशिवाय ती येत नाही." एवढं ऐकल्यावर पोरं स्वतःहून मागं सरकली.

दोन पिल्लं धडधाकट होती, तिसऱ्याच्या मागच्या पायाला कटर लागला होता. मला वाटलं आता तिन्ही गाडीत घालून नेतील. नेली नाही. ताई म्हणाल्या, ज्याला काही झालं नाही त्याला मायच पाहिजे, आमच्याकडं आणलं तर त्याला शिकार कोण शिकवणार. आम्ही तर पिल्लू दिसलं की उचला, पोसा, हेच पुण्य समजत आलो. आणि पोसणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे, ते वेगळंच.

आमच्याच बागेतला संत्र्याचा रिकामा क्रेट मागितला. हातमोजे घालून दोन्ही पिल्लं तपासली, गोचिड वगैरे पाह्यलं, क्रेटमध्ये खाली गव्हाचं काड टाकलं, वरून झाकण नुसतं टेकवलं, मायला पंजानं सरकवता यावं असं. क्रेट बरोबर त्याच जागी ठेवला जिथं पिल्लं होती, एक हातही इकडंतिकडं नाही. समोर खुंटीला कॅमेरा ट्रॅप बांधला आणि अंधार पडायच्या आत सगळे वावरातून बाहेर. त्या रात्री जागलीला जायचं नाही, बॅटरी मारायची नाही, फटाके नाही. बाजूच्या वावरात डुकरासाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं, लावलेलं होतं, तेही त्यांनी त्या कास्तकाराला विनंती करून बंद ठेवायला लावलं. जुन्नरकडं उसात बिबट्याची पिल्लं सापडतात तिथंही याच पद्धतीनं मायलेकरांची भेट घालून देतात.

सकाळी कॅमेऱ्याचं कार्ड लावून आम्हाला व्हिडिओ दाखवला. माय आली, क्रेटभोवती फिरली, दूर जाऊन बसली, परत आली. मग पंजानं झाकण खाली पाडलं आणि एकाला मानगुटीला धरून तुरीच्या धसकटांकडं निघून गेली. बराच वेळ कॅमेऱ्यात काहीच नाही, नुसतं काड हलते. मग परत आली आणि दुसऱ्यालाही घेऊन गेली. आई पाहता पाहता रडली, आणि बाबा जे एरवी जंगली जनावर म्हटलं की पिकाचं नुकसानच काढतात ते म्हणाले, उंदीर खाते बिचारी, राहू दे आपल्या वावरात. खरंच आहे, गहू-हरभऱ्यात उंदराचा काय ताप असतो ते आपल्याला माहीत आहे आणि रानमांजर दिवसरात्र तेच काम करते.

जखमी पिल्लू मात्र नागपूरला नेलं, सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे तिथं. नेतानाही घाई नाही. खोक्याला भोकं पाडली, आत सुती कापड, कापडाखाली कोमट पाण्याची बाटली, वरून अंधार. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, खाणंपिणं नंतर. गाडीत गाणी नाही, बोलणं नाही. डॉक्टरांनी दोन बोटं काढली, पाय वाचला, आता पायावर जोर देते असं फोनवर कळलं. माझ्या पुतणीला पाहायला जायचं होतं, नाही म्हणाले, आणि मला ते पटलं. माणसाची सवय लागली की ते जनावर परत सोडता येत नाही. शिकार जमली तर सुटेल, तोवर कोणाला भेट नाही.

गावात काहीजण म्हणत होते की हेमलकशाला प्रकाशभाऊ आमट्यांकडं देऊन टाका. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण तिथली गोष्ट वेगळी, शिकारीत माय मेलेली अनाथ पिल्लं तिथले माडिया आदिवासी त्यांच्याकडं आणून द्यायचे आणि त्यातून ते अनाथालय उभं राह्यलं. इथं माय जिवंत होती, शंभर पावलांवर.

पैशाचं पण सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. एक रुपया घेतला नाही. बाबांनी पेट्रोलचे म्हणून देऊ केले तर हात जोडले, चहा तेवढा घेतला. उलट सालदाराच्या हाताला पिल्लाचं नख लागलं होतं ते त्यांच्याच लक्षात आलं, साबणानं धुवायला लावलं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजच्या इंजेक्शनला पाठवलं, दुसऱ्या डोसची आठवण पण फोन करून दिली.

अर्धा स्टार कापला तो अंतरासाठी. टीमच्या लोकांचा दोष नाही, पोरं कामधंदे सांभाळून येतात. पण जखमी जनावराला हायवेनं नागपूरपर्यंत न्यावं लागते, आणि चितळ, रोही (नीलगाय) असली जनावरं तर धरपकडीच्या धसक्यानंच मरतात, त्यांना एवढा प्रवास झेपत नाही. तालुक्याच्या ठिकाणी प्राथमिक उपचाराची एक खोली आणि शिकलेला एक माणूस तरी पाहिजे, ही मागणी ग्रामसभेत आम्ही लावून धरणार आहे.

आणि हार्वेस्टर लावणाऱ्यांना एक विनंती, हेही त्या ताईंनीच सांगितलं. आपण चारी बाजूनं गोल गोल कापत आत येतो, त्यामुळं सगळी जनावरं मधल्या पट्ट्यात कोंडतात. एका कडेनं कापायला घेतलं तर त्यांना दुसऱ्या बाजूनं पळायला वाट मिळते. मशीन यायच्या आधी एकदा ओरडत, काठी आपटत वावरातून फेरी मारा, वीस मिनिटं लागतात. पुढच्या वर्षी आम्ही हार्वेस्टरवाल्याशी एकराचा भाव ठरवतानाच हे बोलून घेणार आहे.