वापरलेली सुई: परत द्यायची, बाटलीत भरायची की घंटागाडीत टाकायची?

नशेचं इंजेक्शन घेणाऱ्याला सिरिंज रिकामी झाली की एकच घाई असते, ती कुणाला दिसू नये. मग ती नाल्यात जाते, पडक्या वाड्यात जाते, नाहीतर कागदात गुंडाळून घंटागाडीत. पण कचरा हाताने निवडणाऱ्या ताईंच्या साध्या रबरी हातमोज्यातून सुई सहज आरपार जाते. प्रयोगशाळेत हेपटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिलेला आढळलाय, म्हणजे जुनी सुईही बिनधोक नाही.

माझी पहिली पसंती परत देण्याला. नाको म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था. तिच्या टीआय प्रकल्पातला (एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्यांसाठीचा प्रकल्प) कार्यकर्ता जुनी सुई घेतो, नवी देतो, तेही फुकट. शिवाय एचआयव्ही तपासणीची वाट तिथूनच सापडते. अडचण एवढीच की मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याला असा प्रकल्प मिळणार नाही. जवळ कुठे आहे ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. पोलिसांची भीती रास्तच आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम २२ धोका कमी करण्याच्या अशा कामाला संरक्षण देतं, पण जवळ माल सापडला तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लागतोच.

प्रकल्प नसेल तर बाटली. पाण्याची पातळ नको, फिनेलची किंवा लिक्विड साबणाची जाड घ्या. टोपण परत लावायच्या भानगडीत पडू नका, बोटाला टोचतं ते बऱ्याचदा तेव्हाच. वापरल्या-वापरल्या सुईचं टोक खाली करून आत सोडा. पाऊण भरली की झाकण घट्ट लावा, वर चिकटपट्टी, आणि मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहा. नाहीतर भंगारवाला प्लास्टिक म्हणून उचलेल. पुढे जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या) समुपदेशकाला आधी विचारा, सगळीकडे घेतीलच असं नाही. नाही घेतली तर घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या, आत काय आहे ते सांगून. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरच्या सुया घातक कचऱ्यातच धरल्या होत्या, त्यामुळे वेगळं देण्यात वावगं काही नाही.

सुई कापायचं यंत्र दवाखान्यात शोभतं. कापलेली सुई कुणी पुन्हा वापरत नाही, हा मोठा फायदा. पण तुकडे डबीत साठतात आणि ती डबी रिकामी कुठे करायची हा प्रश्न उरतोच. एकट्यासाठी विकत घेऊ नका.

जाळणं, पुरणं बादच. शेकोटीत सिरिंज वितळते, सुई तशीच राहते. रानात पुरलेली पेरणीआधी कुळवाबरोबर वर येते, आणि रानात अनवाणी कोण असतं ते सांगायला नको.

कुणाला टोचलीच तर जखम पिळू नका, चोखू नका. साबण-पाण्याने धुवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हेपटायटिस बीच्या लशीचंही तिथेच विचारा.